गाडीच्या काचेवरील कॅमेरा आणि त्याचे कार्ड

(मंडळाने आयोजित केलेल्या वाहनचालक व विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून मोठमोठ्या विषयांवर भाषणे झालेली आहेत. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो आकाराने फारच लहान आहे. मोजायचाच झाला तर पंधरा मिलिमीटर लांब, अकरा मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड. बोटाच्या नखावर मावेल एवढा. गाडीच्या पुढच्या काचेला जो कॅमेरा लावलेला असतो, ज्याला डॅशकॅम म्हणतात, त्याच्या पोटातले हे मेमरी कार्ड. ते कोठे असते, कसे काढायचे, कसे बसवायचे आणि वेळ आली तर कसे जपायचे, एवढेच आम्ही सांगणार आहोत. एवढ्याशा गोष्टीसाठी भाषण कशाला, असे कोणाला वाटेल. म्हणून आधी एक घडलेली हकीकत ऐका.

आपल्या वस्तीतला एक तरुण दुसऱ्याच्या मालकीच्या पिकअप गाडीवर चालक होता. कापसाचे दिवस होते. राळेगावकडून कापूस घेऊन येताना संध्याकाळच्या वेळी त्याच्या गाडीची आणि एका मोटारसायकलची धडक झाली. मोटारसायकलवरील मुलाचा पाय मोडला. पांदण रस्त्यातून मोटारसायकल एकाएकी समोर आली, असे आपला तरुण सांगत होता. गाडी भरधाव होती, असे जमलेली माणसे सांगत होती. गुन्हा नोंदला गेला, गाडी ठाण्याच्या आवारात उभी राहिली. काही दिवसांनी मालकाने ती सुपूर्दनाम्यावर सोडवून आणली आणि हंगाम असल्यामुळे लगेच दुसऱ्या चालकाच्या हाती देऊन कामाला लावली.

त्या गाडीच्या काचेवर कॅमेरा होता. तो सर्वांना दिसत होता, पण त्याच्यात पुरावा आहे हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. गाडी सुटून दोन दिवस झाल्यावर तो तरुण आमच्या अभ्यासिकेत आला आणि म्हणाला, "सर, त्या डब्यात काही सापडते का पाहा जी." आम्ही मुलांना घेऊन गेलो. पण कार्ड कोठून काढायचे हे आम्हांलाही माहीत नव्हते! अर्धा तास तो कॅमेरा उलटापालटा करण्यात गेला. शेवटी एका विद्यार्थ्याला बाजूच्या रबरी झाकणाखाली ती खाच सापडली. कार्ड संगणकाला लावले. त्यातील सर्वांत जुने चित्रण आदल्या दिवशीचे होते. अपघाताच्या संध्याकाळचे एक मिनिटही त्यात उरले नव्हते.

त्याचा खटला आजही चालू आहे. तो खरे बोलतो असे आम्हांला वाटते. परंतु आपल्याला वाटणे हा पुरावा नव्हे. आणि ज्या मुलाचा पाय मोडला तो देखील एका मजुराचाच मुलगा आहे. खरे काय घडले हे कळण्याचा त्यालाही हक्क होता. एका खाचेच्या अज्ञानामुळे दोन गरीब घरांचा साक्षीदार नाहीसा झाला. म्हणून हे भाषण.

आता प्रश्न असा की चित्रण गेले कोठे? ते कोणी पुसले नाही. कॅमेऱ्यानेच ते पुसले. गाडी सुरू झाली की हा कॅमेरा आपोआप सुरू होतो आणि एक, तीन किंवा पाच मिनिटांचे तुकडे करून चित्रण साठवीत जातो. कार्ड भरले की तो थांबत नाही. सर्वांत जुना तुकडा पुसतो आणि त्या जागी नवा लिहितो. शाळेतली पाटी भरली की वरून पुसत लिहावे, तसेच.

ही पाटी किती वेळात भरते ह्याचा हिशेब विद्यार्थ्यांनी करून पाहावा. समजा, कॅमेरा सेकंदाला १५ मेगाबिट एवढी माहिती लिहितो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला सुमारे १.९ मेगाबाइट, मिनिटाला सुमारे ११२ आणि तासाला पावणेसात गिगाबाइटच्या आसपास. तेव्हा ३२ गिगाबाइटचे कार्ड सुमारे पावणेपाच तासांत भरते आणि ६४ गिगाबाइटचे सुमारे साडेनऊ तासांत. आपल्या तरुणाच्या गाडीत ३२ चे कार्ड होते. सुटलेली गाडी यवतमाळहून नांदेडच्या बाजूला एकदा जाऊन आली तरी त्याचा साक्षीदार पुसला जाणार होता. ती तर दोन दिवस धावत होती.

कोणी जाणकार विचारील की धक्का बसला तर तो तुकडा आपोआप राखून ठेवण्याची सोय कॅमेऱ्यात असते ना? असते. धक्का ओळखणारे यंत्र आत असते आणि मोठा हादरा बसला की ते त्या वेळचा तुकडा वेगळ्या कप्प्यात कुलूपबंद करते. पण आपले रस्ते आपण जाणतो. प्रत्येक खड्ड्याला हादरा, प्रत्येक हादऱ्याला एक कुलूपबंद तुकडा, असे होऊन कार्ड भरून जाते. कंटाळून कोणी तरी ही सोय बंद करून टाकतो. त्या पिकअपमध्ये तेच झाले होते. सोय बंद करू नका, तिची संवेदनशीलता कमी करून ठेवा. आणि सोय चालू असली तरी तिच्यावर विसंबून राहू नका. खरी राखण एकच, ती म्हणजे वेळेवर कार्ड बाहेर काढणे.

आता ही खाच कोठे शोधायची ते सांगतो. गाडी उभी असताना, उजेडात, कॅमेरा हाती घेऊन ह्याच क्रमाने पाहावे.

प्रथम कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या कडा पाहा. जेथे विजेची वायर जोडलेली असते त्या कडेला किंवा त्याच्या समोरच्या कडेला खाच असण्याचा संभव सर्वांत अधिक. मग खालची आणि वरची कड पाहा. काही ठिकाणी खाचेवर रबराचे झाकण असते. ते नखाने उचलावे लागते. झाकणावर कार्डाचे लहानसे चित्र किंवा इंग्रजीतील टी एफ ही अक्षरे असतात, तीच खूण. कोठेच सापडले नाही तर कॅमेरा त्याच्या पकडीतून सरकवून बाहेर काढा, कारण काही कॅमेऱ्यांची खाच पकडीच्या मागे झाकलेली असते. आरशाच्या आकाराच्या कॅमेऱ्यात ती आरशाच्या वरच्या किंवा खालच्या कडेला असते. ट्रक आणि बसगाड्यांत कित्येकदा काचेवर केवळ डोळा असतो आणि कार्ड दूर ठेवलेल्या एका पेटीत असते. तिला किल्लीही असते, ती कोणाजवळ आहे हे चालकाने आधीच विचारून ठेवावे. काही नव्या कॅमेऱ्यांना खाच नसतेच. त्यांचे चित्रण आतच साठते आणि मोबाईलवर उतरवून घ्यावे लागते.

दोन चुका टाळा. टाचणीच्या टोकाएवढे एक छिद्र कॅमेऱ्याला असते. ते कॅमेरा नव्याने सुरू करण्यासाठी आहे, त्यात काही खुपसू नका. तसेच ज्या कॅमेऱ्यात मोबाईलचे सिम लागते त्यात दोन खाचा असतात. सिमच्या खाचेत कार्ड कोंबले तर दोन्ही बिघडतात.

कार्ड काढण्यापूर्वी कॅमेरा बंद करा आणि दिवा विझेपर्यंत थांबा. लिहिणे चालू असताना कार्ड ओढले तर शेवटचा तुकडा खराब होतो, आणि अपघातात नेमका तोच तुकडा हवा असतो. मग नखाने कार्ड किंचित आत दाबा. टक् असा आवाज होईल आणि कार्ड बाहेर उसळेल. ओढून काढण्याचा प्रयत्न करू नका. खाली दुसऱ्या हाताचा तळवा धरा. हे कार्ड काचेच्या आणि डॅशबोर्डच्या फटीत पडले तर डॅशबोर्ड उघडल्याशिवाय सापडत नाही. बसविताना त्याच्या सोनेरी पट्ट्या कोणत्या बाजूला हव्यात हे खाचेजवळच्या चित्रावरून पाहा. सरळ असेल तर ते सहज जाते आणि टक् आवाज करून बसते. अडले तर जोर करू नका, उलटे करून पाहा.

कार्ड विकत घेताना कॅमेरा किती गिगाबाइटपर्यंत स्वीकारतो हे त्याच्या पुस्तिकेत पाहावे. ह्या कामासाठी सतत लिहिणे-पुसणे सोसणारी वेगळी कार्डे मिळतात, तीच घ्यावीत. मोबाईलचे साधे कार्ड ह्या कामात लवकर झिजते. नवे कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. फॉरमॅट म्हणजे पाटी पूर्ण कोरी करणे. महिन्यातून एकदा ते पुन्हा करावे, मात्र त्यापूर्वी जपण्यासारखे काही आत नाही ना, ह्याची खात्री करून घ्यावी. आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा सर्वांना माहीत आहे. उन्हात उभ्या गाडीची काच आणि तिच्यावरचा कॅमेरा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. त्याने कॅमेऱ्याची आतली बॅटरी कमकुवत होते आणि बॅटरी गेली की तारीख-वेळ चुकते. म्हणून आठवड्यातून एकदा तारीख आणि घड्याळ बरोबर आहे काय, आणि कालचे चित्रण कार्डावर दिसते काय, एवढे पाहावे. चुकलेल्या तारखेचा पुरावा म्हणजे समोरच्या वकिलाच्या हाती आपणच दिलेले शस्त्र होय.

आता अपघात झाल्यावर काय करावे? येथे क्रम महत्त्वाचा आहे. पहिले माणूस, मग कार्ड. जखमीला मदत करणे, १०८ किंवा ११२ वर फोन करणे हे प्रथम. जखमीला वैद्यकीय उपचार मिळवून देणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाचे कर्तव्यच आहे. त्यानंतर, गाडी हलविण्याची वेळ येण्यापूर्वी, कॅमेरा बंद करा आणि दोन माणसांच्या समक्ष कार्ड काढा. ते कागदी पाकिटात घालून पाकिटावर तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा क्रमांक आणि काढणाऱ्याचे नाव लिहा. सह्या घ्या. ते कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालू नका. प्रत काढायची तर ज्या जोडणीला बाजूने लहानसे कुलूप असते त्या जोडणीत ते घाला आणि कुलूप खाली करा, म्हणजे कार्डावर नवे काही लिहिले जात नाही. चित्रणाची प्रत करा, ते तेथून हलवू नका, कापू नका, सजवू नका. पोलिसांनी कार्ड मागितले तर ते पंचनाम्यात नोंदवून द्या आणि पोच घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमच्या मनात शंका येईल की कार्ड एवढे जपायचे कशाला? चित्रण मोबाईलवर घेतले, चार जणांना पाठविले, म्हणजे झाले. नाही, झाले नाही. मोबाईलवरून पाठविताना चित्रण बहुधा आक्रसते, त्यातील बारकावे जातात आणि गाडीचा क्रमांक वाचता येईनासा होतो. पण त्याहून मोठी गोष्ट कायद्याची आहे, आणि ती आपल्याच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेली आहे.

२०१४ साली विधानसभेच्या जालना मतदारसंघात श्री. अर्जुन खोतकर हे २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार श्री. कैलास गोरंट्याल ह्यांनी निवडणुकीला आव्हान दिले. वाद असा होता की उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर? निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात व्हिडिओ कॅमेरे लावलेले होते. म्हणजे घड्याळाचा वाद आणि साक्षीला कॅमेरा. पण न्यायालयापुढे आल्या त्या चित्रणाच्या तबकड्या, म्हणजे प्रती, आणि वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ साली निवडणूक रद्द ठरविली. प्रकरण दिल्लीला गेले आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याचे सार असे : मूळ उपकरणच त्याचा मालक साक्षीला उभा राहून न्यायालयापुढे हजर करीत असेल तर प्रमाणपत्राची गरज नाही, पण प्रत हजर करायची तर प्रमाणपत्र हवेच. सर्व प्रयत्न करूनही ते मिळणे अशक्य झाले तर मात्र त्या पक्षाला सूट मिळू शकते. श्री. गोरंट्याल ह्यांनी तसे प्रयत्न केलेले होते. म्हणून अपील फेटाळले गेले.

हा निकाल जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब वर होता. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यातील कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र कायम आहे आणि त्याचा नमुनाही कायद्याला जोडलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत. एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात हॅश नावाची एक संख्या लिहावी लागते. संपूर्ण फाईलवरून गणिताने काढलेली ती संख्या म्हणजे त्या फाईलच्या अंगठ्याचा ठसाच होय. चित्रणातील एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. म्हणून आम्ही म्हणतो की कापू नका, सजवू नका. मूळ कार्ड हाती असेल तर आपली बाजू भक्कम पायावर उभी राहते. केवळ फिरून आलेली प्रत असेल तर ती कोणाची, कोठून आली, हे सिद्ध करण्यातच वर्षे जातात.

ह्यात गरिबांच्या पैशाचाही प्रश्न आहे. धडक देऊन गाडी पळून गेली आणि तिचा पत्ता लागला नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालील योजनेप्रमाणे मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये, अशी ठरलेली रक्कम मिळते. १ एप्रिल २०२२ पूर्वी तर ती पंचवीस हजार आणि साडेबारा हजारच होती. पण गाडीचा क्रमांक कळला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मृताचे वय, त्याची कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरते आणि ती सहसा विमा कंपनीला द्यावी लागते. पांढरकवड्यावरून हैदराबादेकडे जाणाऱ्या महामार्गावर रात्रभर परराज्यांतल्या गाड्या धावतात, वणीकडे कोळशाचे ट्रक धावतात. रात्रीच्या अंधारात प्रत्येक वेळी क्रमांक दिसेलच असे नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु मागून येणाऱ्या एखाद्या गाडीच्या कार्डात तो टिपला गेला, तर कोणा विधवेच्या संसाराला आधार मिळतो. म्हणून आपल्या गाडीचा अपघात नसला तरी, डोळ्यांदेखत काही घडले तर आपले कार्ड जपा आणि पोलिसांना कळवा.

शेवटी एक कठीण गोष्ट सांगितल्यावाचून आमचे बोलणे पुरे होणार नाही. पहिल्या हकीकतीनंतर आमच्या मुलांनी वस्तीतील चालकांना कार्ड काढणे शिकविले. पुढे असाच एक प्रसंग आला आणि ह्या वेळी कार्ड वेळेवर हाती आले. अभ्यासिकेत आम्ही सारे ते पाहायला बसलो. चित्रणात स्वच्छ दिसत होते की चूक आपल्याच माणसाची होती. वळणावर त्याने ओलांडून जाण्याची घाई केली होती. खोलीत कोणी बोलेना. मग एक जण हळूच म्हणाला, "कार्ड हरवलं म्हणून सांगू."

मित्रांनो, तो क्षण आमच्या परीक्षेचा होता. पहिल्या वेळी पुरावा नाहीसा झाला म्हणून आम्ही हळहळलो होतो. दुसऱ्या वेळी तो आम्हीच नाहीसा करायचा काय? पुराव्यादाखल हजर होऊ शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, हे खरे. पण आम्हांला थांबविले ते कलमाने नव्हे. समोरच्या गाडीतील बाई दवाखान्यात होती आणि ती कोणाची तरी आई होती, ह्याने थांबविले. त्या चालकाने स्वतःच कार्ड नेऊन दिले. त्याला त्याचे भोगावे लागले, ते आम्ही लपवीत नाही. पण गाडीचा विमा होता, त्या बाईच्या दाव्यात घटना नाकारण्यात वर्षे गेली नाहीत, आणि तो माणूस आज मान वर करून ह्या सभेत बसलेला आहे.

काचेवरचा साक्षीदार आपल्या बाजूचा नसतो, तो घडलेल्या गोष्टीचा असतो. त्याला जपायचे असेल तर तो आपल्याविरुद्ध बोलेल ह्याचीही तयारी ठेवावी लागते.

म्हणून आमची दोन मागणी आहेत. चालक बंधूंनी आज घरी जाण्यापूर्वी, उजेड आहे तोवर, आपल्या गाडीतील खाच स्वतः शोधून कार्ड एकदा काढून परत बसवावे. आणि विद्यार्थ्यांनी ज्यांना जमणार नाही त्यांच्याजवळ उभे राहून दाखवावे, मात्र काम त्यांच्याच हाताने होऊ द्यावे. कारण ज्या रात्री गरज पडेल त्या रात्री रस्त्यावर तुम्ही नसाल. त्यांचा हातच असेल.